जुनी गाडी तापते? आधी पाहा, ती कधी तापते

आमच्याकडे कितीतरी घरांत पहिली चारचाकी जुनीच येते. दहा-पंधरा वर्षं चाललेली, दोन-तीन मालक पाहिलेली. दिवाळीत घेतलेली अशी गाडी होळीपर्यंत गुणानं चालते. एप्रिल लागला की टेम्परेचरचा काटा वर सरकायला लागतो आणि गॅरेजच्या चकरा सुरू होतात. एक मिस्त्री थर्मोस्टॅट (इंजिनच्या पाण्याची वाट उघडणारा छोटा व्हॉल्व्ह) काढून टाकतो, दुसरा रेडिएटर (ते पाणी गार करणारी जाळी) बदला म्हणतो, तिसरा थेट हेड (इंजिनचा वरचा भाग) उघडायची भाषा करतो. पैसे जातात आणि गाडी तापायची ती तापतेच.

मी यातून गेलोय. 2003 सालची पेट्रोल गाडी, मे महिना, दुपारचे दोन, बीडहून निघून मांजरसुंब्याचा घाट चढत होतो. मागच्या सीटवर आई आणि दोन लेकरं. काटा लाल पट्टीला टेकला होता आणि मी मनाशी म्हणत होतो, एवढा घाट चढू, मग सावलीला थांबू. तेवढ्या अंतरात इंजिनचं हेड वाकलं. मूळ दोष काय निघाला, तर एका होज पाईपची (इंजिन आणि रेडिएटर जोडणाऱ्या रबरी पाईपची) क्लिप सैल झाली होती. दोन चहाच्या पैशात येणारी क्लिप. म्हणून नवीन माणसानं कोणताही पार्ट बदलण्याआधी काय पाहावं, ते नीट सांगतो.

काटा लाल पट्टीकडे निघाला, तर

लगेच एसी बंद करा. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण जोरात लावा, काचा खाली करा. हीटर म्हणजे गाडीच्या आतला छोटा रेडिएटरच असतो. इंजिनची थोडी उष्णता तो आत ओढून घेतो. मे महिन्यात हे सोसत नाही, पण थांबायला जागा मिळेपर्यंत इंजिन वाचतं. जागा मिळाली की गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. बॉनेटमधून वाफ निघत असेल तर जागेचीही वाट पाहू नका, जमेल तिथे कडेला लावून बंद करा.

पुढची गोष्ट माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत पाणी दाबाखाली असतं. झाकणावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा छापलेला दिसतो, तो या दाबाचा आहे. आपल्या भागात उघड्या भांड्यात पाणी साधारण 98 अंशांना उकळतं. 0.9 च्या दाबाखाली तेच पाणी 118 अंशांच्या आसपास उकळतं. झाकण काढलं की दाब क्षणात जातो, 110 अंशांचं पाणी जागच्या जागी वाफ होतं आणि तोंडावर, हातावर येतं. हात भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. निदान पाऊण तास थांबा. वरचा होज हाताला सहन होतो का ते बघा, मग झाकणावर जाड ओलं फडकं टाकून पाव वळण फिरवा, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्या आणि मगच काढा. रेडिएटरला जोडलेली पाण्याची प्लॅस्टिक बाटलीच दाबाखाली असणाऱ्या गाड्यांनाही हाच नियम.

घाईघाईत तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतू नका, धातूला तडा जातो. गार झाल्यावर इंजिन सुरू करून, बारीक धारेनं पाणी भरा. रस्त्यात असाल तर कोणतंही स्वच्छ पाणी चालेल, ते नंतर काढून टाकता येतं.

एक धोका पुष्कळांना ठाऊक नसतो. लाल पट्टीत गेलेला काटा अचानक खाली आला, तर सुटलो असं समजू नका. पाणी इतकं संपलेलं असू शकतं की सेन्सरपाशी नुसती वाफ किंवा हवा आहे आणि त्याला खरं तापमान कळतच नाही. माझ्या गाडीचं नेमकं हेच झालं होतं. काटा उतरला म्हणून मी निर्धास्त झालो होतो.

हिवाळ्यात लपलेला दोष

रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकणार, हे पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी 90 अंशांवर आणि डिसेंबरच्या सकाळची हवा 20 अंशांवर, तर फरक 70 चा. मे महिन्यात परभणीला किंवा नांदेडला हवा 43 अंशांवर गेली की फरक उरतो 47. म्हणजे तोच रेडिएटर आता दोन-तृतीयांश काम करतो. त्यात एक-तृतीयांश नळ्या क्षारानं बुजलेल्या असतील, तर हिवाळ्यात काही कळत नाही आणि उन्हाळ्यात गाडी उभी राहते. तेव्हा हिवाळ्यात जुनी गाडी बघायला जाताना पाण्याची बाजू जास्त कसून तपासा.

कधी तापते, यावरून अर्धं निदान

आठवडाभर लिहून ठेवा. काटा कुठे, कधी, किती वेगात असताना वर गेला. हे टिपण मिस्त्रीच्या अनुभवाइतकंच कामाचं असतं.

बाजारात, फाटकाला, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे रेंगाळताना तापते आणि मोकळ्या रस्त्याला लागली की काटा उतरतो? मग संशय पंख्यावर. वेगात असताना समोरून वारा आपोआप येतो, थांबल्यावर तो पंख्यानंच ओढायचा असतो.

याच्या उलट, गावात ठीक पण हायवेला 80-90 च्या वेगात किंवा धारूरचा घाट चढताना तापते? मग वारा आहे, पण पाणी पुरेसं फिरत नाही. रेडिएटर बुजला असेल, थर्मोस्टॅट अर्धवट उघडत असेल, वॉटर पंपाची पाती झिजली असतील. खालचा होज आत ओढला जाऊन चपटा होत असेल, तरी हेच घडतं.

सकाळी सुरू करून पाच-सात मिनिटांतच काटा लालकडे जातो? पाणीच नाही, किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला, किंवा हेड गॅसकेट (हेड आणि खालच्या इंजिनच्या मधलं सील) गेलं. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, ओढून न्या.

फक्त एसी लावल्यावर तापते? एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसतो आणि स्वतःची उष्णता मागे सोडतो. कूलिंग जेमतेम पुरत असेल, तर एसीचं ओझं ते उघडं पाडतं. एसीला दोष देण्याआधी रेडिएटर आणि पंखा बघा.

गार इंजिनवर, सकाळी

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं झाकण उघडा. पाणी काठोकाठ हवं. कमी असेल तर ते गेलं कुठे, हाच पहिला प्रश्न. पाण्याचा रंग बघा. तांबूस, गढूळ असेल तर आत गंज आहे. तेलाचा तवंग दिसला तर पुढचं हेड गॅसकेटचं वाचा.

झाकण हातात आहेच, तर त्याचं रबर बघा. चिरलेलं, कडक झालेलं किंवा दबून सपाट झालेलं असेल तर झाकण बदला. झाकण दाब धरत नसेल तर पाणी लवकर उकळतं. गार होताना ते बाटलीतलं पाणी परत आत घेत नसेल तर बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असा चकवा होतो. सकाळी वरचा होज आत ओढला जाऊन चपटा झालेला दिसला, तर झाकणाचा मधला छोटा व्हॉल्व्ह अडकलाय. तापण्याच्या तक्रारीवर सगळ्यात स्वस्त इलाज हाच आणि लोक शेवटी त्याकडे येतात. बदलताना तोच आकडा असलेलं झाकण घ्या. जास्त दाबाचं बसवून जुन्या होजवर ताण आणू नका.

मग होज. प्रत्येक होज दाबून बघा. फुगलेला, भुसभुशीत किंवा चिरा गेलेला बदला. क्लिपच्या कडेला पांढरा किंवा हिरवट थर दिसला, तर तिथून थेंब थेंब पाणी जातंय आणि गरम धातूवर वाळतंय, म्हणून खाली डबकं दिसत नाही. गॅस किट लावलेली गाडी असेल तर रेड्युसरला (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला) जाणारे दोन बारीक पाण्याचे पाईपही बघा. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं, तिथून ओघळ दिसला तर पंपाचं सील गेलं. पंपाची पुली हातानं हलवून बघा, डुगडुगली तर बेअरिंग गेलं. बेल्टवर चालणारा पंप असेल तर बेल्ट मधोमध अंगठ्यानं दाबा, साधारण एक सेंटीमीटर दबावा, त्याहून सैल नको. टायमिंग बेल्टवर चालणारा पंप असेल तर बेल्ट बदलताना पंपही बदलून घ्या, मजुरी एकदाच लागते.

शेवटी रेडिएटरची जाळी. मागून बॅटरीचा उजेड टाकून पुढून बघा. कपाशीचे तंतू, भुसा, किडे आणि काळ्या मातीची धूळ कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत जाऊन बसते. पुढून जाळी चकचकीत आणि मागे नुसती घाण भरलेली, असं मी कितीदा पाहिलंय. धुताना पाण्याचा साधा पाईप इंजिनच्या बाजूनं बाहेर धरा, म्हणजे घाण आली त्या वाटेनं जाईल. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला तर पातळ पत्रे वाकतात आणि वाराच बंद होतो.

पंख्याची परीक्षा

गाडी अंगणात उभी करून, एसी बंद ठेवून इंजिन चालू सोडा. काटा मधोमध येऊन थोडा वर गेला की विजेचा पंखा फिरला पाहिजे, काही मिनिटांत बंद झाला पाहिजे आणि परत लागला पाहिजे. हात, उपरणं, ओढणी लांब ठेवा. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही पंखा अचानक फिरतो.

फिरला नाही तर एसी लावून बघा. एसीवर रेडिएटरचाच पंखा फिरला तर मोटर ठीक आहे, दोष टेम्परेचर स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे. दोन पंख्यांच्या गाडीत कोणता फिरतो ते नीट बघा. एसीवरही तो फिरत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, मग मोटरला बॅटरीवरून थेट वायर जोडून बघायला सांगा. थेट वायरीनं फिरली तर मोटर बदलायची गरज नाही.

पंखा फिरतोय, तरी तापते? मग एक कागद समोरच्या जाळीला लावा. तो चिकटून राहिला पाहिजे. कागद उडून पडला तर पंखा उलटा फिरतोय. मोटर बदलताना वायरी उलट जोडल्या की असं होतं. पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कडंही जागेवर हवं. अपघातानंतर जोडलेल्या गाड्यांत ते पुष्कळदा परत बसवलेलंच नसतं. कडं नसेल तर पंखा रेडिएटरमधून वारा ओढण्याऐवजी आजूबाजूची गरम हवाच घुसळतो.

थर्मोस्टॅट: काढून टाकू नका

हा छोटा व्हॉल्व्ह इंजिन गार असताना रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि 82 किंवा 88 अंशांच्या सुमाराला उघडायला लागतो. आकडा त्याच्यावर कोरलेला असतो. गार इंजिन सुरू करून वरच्या होजवर हात ठेवा. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो काही मिनिटं गार राहतो आणि मग एकदम गरम होतो, म्हणजे व्हॉल्व्ह उघडला. काटा वर जातोय आणि होज गारच, तर व्हॉल्व्ह उघडत नाही. पहिल्या मिनिटापासून होज हळूहळू कोमट होत गेला, तर व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय किंवा आधीच्या मालकानं काढून टाकलाय.

खात्री करायची तर काढलेला व्हॉल्व्ह दोऱ्यानं जुन्या पातेल्यातल्या पाण्यात लटकवा आणि पाणी तापवा. उकळी येण्याआधी तो उघडायला लागला पाहिजे आणि खळखळून उकळताना चांगला उघडलेला दिसला पाहिजे. ते पातेलं पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

‘आपल्याकडं गरमीच एवढी, थर्मोस्टॅट कशाला पाहिजे’ हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळेलच. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, सल्ला चुकीचा. तो काढला की सकाळी इंजिन गरम व्हायला फार वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं आणि इंजिन लवकर झिजतं. काही इंजिनांत तर हाच व्हॉल्व्ह उघडताना पाण्याची आडवाट बंद करतो. तो नसेल तर गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं आणि घाटात गाडी आणखी तापते.

पाणी आपलं, क्षार आपले

इथला दगड काळा बसाल्ट आणि बोअरचं पाणी जड. गीझरच्या कॉईलवर, माठाच्या तळाशी जो पांढरा थर बसतो, तोच इंजिनच्या आत आणि रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. त्या थरातून उष्णता नीट बाहेर पडत नाही. उन्हाळ्यात टँकरचं पाणी प्यायला पुरत नाही तिथे गाडीसाठी वेगळं पाणी कुठून आणणार, हे मला कळतं. पण छोट्या गाडीला एकूण साडेतीन ते पाच लिटर पाणी लागतं. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन मिळतो. तेवढं पुरतं आणि ते सारखं बदलावं लागत नाही.

या पाण्यात कूलंट, म्हणजे गंज रोखणारं द्रव, घालायचं असतं. ते घट्ट (कॉन्सन्ट्रेट) असेल तर तेवढंच डिस्टिल्ड वॉटर मिसळा. डब्यावर रेडी मिक्स लिहिलं असेल तर तसंच भरा. थंड प्रदेशासाठीच कूलंट असतं, हा समज सोडा. नुसतं पाणी उष्णता किंचित जास्त वाहतं हे खरं, पण कूलंट उशिरा उकळतं, गंज धरू देत नाही आणि पंपाचं सील टिकवतं. रंगावरून दोन कूलंट एकच आहेत असं ठरवू नका. आत काय आहे ते ठाऊक नसेल तर सगळं काढून, साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुऊन नवीन भरा. साधं हिरवं कूलंट असेल तर दोन वर्षांनी बदललेलं बरं.

काढलेलं कूलंट अंगणात सांडू नका, घमेल्यात उघडं ठेवू नका. ते चवीला गोड आणि अत्यंत विषारी असतं. कुत्रं, शेळी, वासरू ते पितं आणि मरतं. कॅनमध्ये भरून, झाकण लावून गॅरेजमध्ये द्या.

भरताना हवा अडकते. गाडीचं नाक जरा चढाला लावा, हीटर गरमवर ठेवा, झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू करा. बुडबुडे येत राहतील, पातळी खाली जाईल तसतसं भरत राहा. वरचा होज गरम झाला आणि बुडबुडे थांबले की झाकण लावा. मग पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा.

नळ्या बुजल्याचा संशय असेल तर टेम्परेचर गन असलेल्या मिस्त्रीकडून रेडिएटर आडवा-उभा मोजून घ्या. पाणी येतं तिकडून जातं तिकडे तापमान सारखं उतरत गेलं पाहिजे. मधेच एखादा पट्टा एकदम गार लागला तर तिथून पाणी वाहत नाही. जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर खोलून, नळ्यांत सळई घालून साफ करणारे कारागीर अजून आहेत. ॲल्युमिनियमचा, प्लॅस्टिक टाकीचा रेडिएटर बुजला तर बदलणंच शहाणपणाचं.

हेड गॅसकेट: नाव निघालं की घाबरू नका, पुरावा मागा

पाणी कमी होतंय आणि गळती कुठेच दिसत नाही. गार इंजिन सुरू करताच मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक होतो. इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो. झाकण उघडं ठेवून सुरू केल्यावर बुडबुडे थांबत नाहीत आणि ॲक्सिलरेटर दिला की वाढतात. डिपस्टिकवरचं ऑईल दुधाच्या चहासारखं दिसतं. यातली दोन लक्षणं एकत्र आली तर संशय बळावतो. नुसत्या ऑईलच्या झाकणाखाली थोडा पांढरा लपका दिसला तर तो थंडीत छोट्या फेऱ्यांमुळेही येतो, त्यावरून हेड उघडू देऊ नका.

हेड उघडण्याआधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासायला सांगा. आणखी एक सोपी चाचणी आहे: रेडिएटरच्या तोंडावर निळं द्रव असलेली नळी धरतात. पेट्रोल गाडीत जळालेला वायू पाण्यात येत असेल तर ते द्रव पिवळं पडतं. हेड उघडावंच लागलं, तर ते सपाट आहे का हे पट्टी लावून मोजलंच पाहिजे आणि वाकलं असेल तर फेसिंग करून (घासून सपाट करून) घेतलं पाहिजे. बोल्ट टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या पान्यानं), ठरलेल्या क्रमानं आवळले जातात का ते तिथे उभं राहून बघा. माझ्या गाडीचं हेड पहिल्यांदा न मोजताच बसवलं गेलं आणि तीन आठवड्यांत परत उघडावं लागलं.

सगळं तपासूनही काही सापडलं नाही, तर गाडी चालवून आल्यावर चाकांच्या रिम जपून चाचपा. एखादी फार गरम असेल तर ब्रेक धरून राहतोय आणि इंजिन उगाच ओझं ओढतंय. जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) गाडीत टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे पडलं तरी इंजिन तापतं. ऑईलची पातळीही बघा.

दुरुस्तीनंतर

लगेच लांब जाऊ नका. बाटलीवर पाण्याच्या पातळीला चिकटपट्टी लावून खूण करा. संध्याकाळी वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणा आणि रात्रभर गार होऊ द्या. सकाळी खूण बघा. पहिल्या दिवशी बोटभर खाली गेली तर उरलेली हवा निघाली असेल, भरा. दुसऱ्या दिवशीही तेवढीच गेली तर कुठेतरी वाट आहे, होजपासून परत सुरुवात करा. तिसऱ्या सकाळी खूण जागच्या जागी असली, की मग एसी लावून भर दुपारी एखादा घाट चढून पाहा, आणि काट्यावर नजर ठेवा.